हवापेटीच्या आतल्या ओळी

एकदा एक वाद्य होते आणि त्या वाद्याला एक म्हातारा होता. तुम्ही म्हणाल, हे उलटेच सांगायला लागलात. वाद्य माणसाचे असते, माणूस वाद्याचा कसा? पण त्या म्हाताऱ्याला कोणी विचारले, "बाबा, हे तुमचं का हो?" तर तो कानाला हात लावून म्हणे, "छे छे! मीच त्याचा." तेव्हा मी आपला त्याच्याच शब्दाला धरून चालतो.

तळ्याकाठच्या एका बागेत लाकडी घोड्यांचे मोठे चक्र होते. चोवीस घोडे, दोन रथ, वर आरशांची झालर. चक्राच्या शेजारी एका दगडी ओट्यावर हे वाद्य उभे असे. उंची दीड पुरुष, आणि लांबी एवढी की चार माणसांनी हात पसरावेत. आत लाकडी आणि पितळी मिळून दोनशेच्या वर नळ्या, दोन बाजूंना ढोल आणि झांजा, आणि पुढे रंगवलेला एक लाकडी बँडमास्तर, जो तालावर काठी हलवी. वाजवायला माणूस लागत नसे. भोके पाडलेल्या जाड पुठ्ठ्याची घड्याघड्यांची वही एका बाजूने आत सरके; जिथे भोक येई तिथे हवेला वाट मिळे आणि ती नळी बोलू लागे. ही हवा यायची कुठून? तर मागे एक भला मोठा भाता होता, आणि भात्याखाली चारही बाजूंनी बंद केलेली एक लाकडी हवापेटी. हवा तिथे साठायची आणि तिथून झडपांतून नळ्यांकडे जायची. हवापेटी हा त्या वाद्याचा प्राण होता. ती फुटली की दोनशे नळ्या मुक्या.

संस्थानी काळात कोणीतरी हौसेने ते साता समुद्रापलीकडून आणवले म्हणत. गाव त्याला नुसते 'बाजा' म्हणे. मुले घोड्यांवर बसत, आणि ज्यांचे बसायचे वय सरले ती माणसे कुंपणाला टेकून बाजा ऐकत. नातवाला घोड्यावर चढवून आजोबा स्वतः डोळे मिटून उभे राहिलेले तिथे रोज दिसत.

या बाजाची निगा राखणारा म्हातारा म्हणजे मिस्त्रीबाबा. नाव कोणी घेत नसे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, बोलणे कमी, आणि जे असेल ते तोंडावर. त्याचा शिष्य भास्कर हा चौतिशीतला गृहस्थ. बाजारपेठेत त्याचे हार्मोनियम दुरुस्तीचे छोटे दुकान होते. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो मुलीला घोड्यावर बसवायला म्हणून बागेत आला आणि बाजा ऐकता ऐकता मुलीला विसरला. मुलगी रडायला लागली तेव्हा भानावर आला. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तो मिस्त्रीबाबांपुढे उभा राहिला. "मला शिकवा," म्हणाला. बाबांनी त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "घाई फार आहे हातात. बस, बघू."

तेव्हापासून भास्कर दुपारी दुकान आणि सकाळी बाजा असे करू लागला. कातडे कसे सोलून पातळ करावे, झडपेला किती घट्ट धरावे, नळीचा सूर उतरला की काय करावे, हे सारे त्याने भराभर उचलले. एकच गोष्ट त्याच्या गळी उतरत नव्हती, ती म्हणजे बाबांचा सरस.

सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला सुतारांचा जुना डिंक. रात्री पाण्यात भिजत घालायचा, सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर कढत करायचा आणि गरम असतानाच लावायचा. वास असा की नाक धरावे. एवढे करून हा सरस तळ्याकाठच्या दमट हवेत दर पावसाळ्यात कुठे ना कुठे सुटायचा. मग बाबा चष्मा लावून, चिमटीत पेटती उदबत्ती धरून सांध्यासांध्यावरून फिरवायचे. धूर जिथे हलला तिथे फट. तिथे पुन्हा सरस. पाऊस सरून दसऱ्याला बाग उघडेपर्यंत त्यांचे हेच चाले.

"बाबा," भास्कर एकदा न राहवून म्हणाला, "बाजारात दोन डब्यांचा गोंद मिळतो. कालवून लावला की दगडासारखा. पाणी लागत नाही, ऊन लागत नाही. जन्मात सुटायचा नाही."

"म्हणूनच नको," बाबा म्हणाले, आणि भांड्यातला सरस ढवळत राहिले.

याला काय उत्तर म्हणायचे? भास्करला वाटले, म्हाताऱ्याचा हट्ट आहे. जुन्या माणसांचा असतो. त्याने विषय सोडला, पण डोक्यातून सोडला नाही.

आणखीही एक गोष्ट त्याला चमत्कारिक वाटे. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाबा आपली हत्यारे पाटावर मांडून पुजत. रंधा, पटाशी, हातोडी, बारीक दात्यांची करवत. या सगळ्यांच्या मधोमध बोटभर लांबीची एक पेन्सिल असे, आणि पहिले फूल तिच्यावर पडे. भास्करने विचारले तर बाबा म्हणाले, "तुझी वेळ आली की सांगीन."

असो. गोष्ट घडली ती पाचव्या पावसाळ्यात.

बागेचे मालक म्हणजे एक शेटजी. माणूस वाईट नव्हता, पण त्याला फुसफुस खपत नसे. मागल्या वर्षी एका समारंभात बाजाने मध्येच दम सोडला, दोन सूर रडल्यासारखे निघाले आणि पाहुणे हसले. शेटजींच्या ते मनाला लागले. बाग पावसाळ्यासाठी बंद झाली त्या दिवशी त्यांनी दोघांना बोलावून सांगितले, "यंदा दसऱ्याला बाजा खणखणीत वाजला पाहिजे. नाही वाजला, तर मी भोंगे बसवतो. एका हॉटेलवाल्याला हा दर्शनी भागात ठेवायला हवाच आहे. आत मासे सोडायची काचपेटी बसवणार म्हणाला."

भास्करला ऐकवेना. मासे! दोनशे नळ्या उपटून टाकून मासे! बाबा मात्र म्हणाले, "बरं." एवढेच.

आणि नेमके श्रावणात बाबा आजारी पडले. छातीत पाणी झाले. लेक येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. जाताना बाबांनी बाजाची चावी भास्करच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "उघडू नको, फक्त बघत जा. हवापेटी यंदा आपण दोघं मिळून उघडू. मी आलो की."

बघत जा, म्हणे! त्या वर्षी पाऊस असा लागला की तळे ओट्याच्या पायरीपर्यंत आले. भास्कर उदबत्ती घेऊन फिरला तर धूर जिकडे तिकडे हलत होता. हवापेटीचा तळ, चारही कडा, भात्याचा सांधा, सगळीकडे सरसाने दगा दिलेला. बाबांचे पत्र नाही, फोन केला तर लेक म्हणे, "अजून उठवत नाही त्यांना." गणपती आले, गेले. दसरा तोंडावर आला. भास्करला झोप लागेना. डोळे मिटले की त्याला काचेच्या पेटीत मासे फिरताना दिसत.

शेवटी त्याने मनाचा हिय्या केला आणि दोन डबे विकत आणले. गोंद कालवला. हवापेटीच्या तळाच्या फळीभोवती, चारही कडांना, त्याने तो असा भरला की केसाला वाट राहू नये. हातात कसब होतेच. काम देखणे झाले. दोन दिवसांनी वही लावली आणि बाजा वाजला. चार वर्षांत भास्करने ऐकला नव्हता असा भरदार आवाज आला. बँडमास्तरची काठीसुद्धा ऐटीत हलत होती. भास्कर तिथेच ओट्यावर बसला आणि रडला. आनंदाने रडला, लपवत नाही मी.

शेटजींनी ऐकले आणि भास्करच्या पाठीवर थाप मारली. "वा! हे चार वर्षांपूर्वीच का नाही केलंत? आता बाजा तुम्हीच सांभाळा. म्हाताऱ्यांनी आता आराम करावा." भास्करला बरे वाटले. उगाच खोटे कशाला सांगा, फार बरे वाटले.

घटस्थापनेला मिस्त्रीबाबा परत आले. निम्मे झाले होते. काठी टेकत ओट्यावर चढले आणि स्टुलावर बसून म्हणाले, "वाजव."

भास्करने वाजवला. बाबांनी डोळे मिटून वही संपेपर्यंत ऐकले. शेटजीही येऊन उभे राहिले होते. वही संपली तसे बाबा उठले, बाजाच्या मागे गेले, वाकले, हवापेटीच्या कडेवरून नख फिरवले आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. मग सरळ झाले.

"छान वाजतं," ते म्हणाले. "आता उघड."

"काय?"

"हवापेटी. तळाची फळी. उघड."

"पण बाबा, काही बिघडलेलं नाही."

"बिघडल्यावर कोणीही उघडतो. तू आज उघड."

भास्कर ओशाळून हसला. "ती उघडणार नाही, बाबा. पक्की बसवलीय. वीस वर्षं तरी बघायला नको."

"आणि एकविसाव्या वर्षी?"

बाबा पुन्हा स्टुलावर बसले. त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "बारीक दात्यांची करवत आण. कापू."

शेटजी उसळलेच. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? चालत्या गाड्याला खीळ घालताय! नऊ दिवसांवर दसरा आलाय!"

"हो ना. नऊ दिवस आहेत."

"हे बघा मिस्त्री, मी स्पष्ट सांगतो. दसऱ्याच्या सकाळी हा वाजला नाही, तर हॉटेलवाल्याचा टेम्पो दुपारी दारात उभा राहील. मग मला बोल लावायचा नाही."

"नाही लावणार," बाबा म्हणाले.

शेटजी पाय आपटत गेले. भास्करने करवत आणली नाही. चपला घातल्या आणि तडक दुकान गाठले. वाटेभर मनात एकच: म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय. शिष्याने नाव काढलेले बघवत नाही. स्वतःच्या हातून झाले नाही ते दुसऱ्याच्या हातून झाले, मग कापा! बुडवा! आपल्यामागे कोणाचे काही उरायलाच नको. असे बरेच काही. रागात माणूस गुरूबद्दल काय काय विचार करतो ते इथे लिहिण्यासारखे नाही. ज्यांना गुरू लाभले आहेत त्यांना ठाऊक असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तो दुकानातच बसला. एका भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला आली होती. भात्याच्या कातड्याला कोणीतरी सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन फासले होते. ते काढताना कातडे फाटले, खालचे लाकूड उचकटले, आणि भास्करच्या तोंडून आपसूक निघाले, "कोण रे हा गाढव? मागे येणाऱ्याचा काही विचार?"

पटाशी खाली ठेवली. थोड्या वेळाने चपला घालून पुन्हा बागेची वाट धरली.

ओट्यावर बाबा एकटेच होते. पोत्यावर आडवे होऊन, एका कुशीवर, हातात करवत धरून हवापेटीच्या कडेवर टेकवत होते. करवत जागेवर बसत नव्हती. कडेला खडूची एक रेघ मात्र सरळ ओढलेली होती.

"द्या इकडे," भास्कर म्हणाला. "बोटं कापून घ्याल."

बाबांनी करवत दिली. 'कुठे होतास' विचारले नाही, 'आलास का' म्हणाले नाहीत. "रेघेवर धर," म्हणाले. "दाबू नको, तिला तिच्या वजनानं जाऊ दे."

भास्करने करवत लावली. त्या जुन्या लाकडाचा पहिला भुसा खाली पडला तेव्हा त्याला स्वतःचेच काहीतरी कापल्यासारखे झाले. कापताना तो कळवळला. शंभर वर्षांचे लाकूड, आणि ते कापायची पाळी त्याच्याच हाताने त्याच्यावर आणलेली. उरलेला दिवस तीन कडांत गेला.

दुसऱ्या सकाळी चौथी कड निम्मी झाली तेव्हा बाबा म्हणाले, "थांब. आता दोन बोटं सोडून पुढून धर. तिथे खिळा आहे."

"दिसत तर नाही काही."

"आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत आहे," बाबा म्हणाले, आणि दुसरीकडे बघू लागले.

फळी सुटली. दोघांनी मिळून ती खाली घेतली, उलटी केली आणि उन्हात ठेवली. तेव्हा भास्करला दिसले की फळीच्या आतल्या अंगावर, जे अंग गेल्या बारा वर्षांत कोणाला दिसले नव्हते, पेन्सिलीने लिहिलेले होते. वरच्या दोन ओळी कुठल्याशा परक्या लिपीत, आकडे तेवढे कळत होते. त्याखाली मोडी. त्याखाली बाळबोध.

"मोडी मलाही येत नाही," बाबा म्हणाले, "पण माझ्या गुरूंनी वाचून दाखवली होती ती पाठ आहे. 'या कोपऱ्यातले लाकूड किडले होते ते बदलले. जोड नीट जुळला नाही. पुढच्याने जुळवावा.'" त्यांनी बोट खाली नेले. "आणि ही माझ्या गुरूंची ओळ. तू वाच."

भास्करने वाचले: "तिसरी झडप मी उलटी बसवली होती. आठ महिने कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही. बसवताना कातड्याची मऊ बाजू वर आहे ना, हे बघावे."

त्याला हसू आले. मग नजर सगळ्यांत खालच्या ओळीवर गेली आणि हसू विरले. अक्षर बाबांचेच, पण तरुण, ठसठशीत: "येथे मी घाईने खिळा मारला आहे. मारायला नको होता. काढणाऱ्याने डावीकडून काढावा, उजवीकडे लाकूड चिरले आहे." खाली तारीख होती. हिशेब केला तर बाबा तेव्हा चोविशीत असणार.

"बाबा..."

"गुरू आजारी होते. बाजा वाजायलाच हवा होता. मला वाटलं, खिळा मारला की कायमचा बंदोबस्त. पुढे उघडताना लाकूड चिरलं, खिळा फळीतच अडकला, म्हणून लिहून ठेवलं." बाबा हसले. "हातात घाई फार होती."

भास्कर फळीसमोर उकिडवा बसला होता. त्याने विचारले, "एवढ्या लोकांनी एवढी वर्षं एवढं काम केलं. कोणी एक चांगली गोष्ट नाही लिहिली?"

तेव्हा मिस्त्रीबाबा जे बोलले ते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत लांब बोलणे असावे. ते म्हणाले, "चांगलं केलेलं वाजतं, भास्कर. ते सगळ्या गावाला ऐकू येतं, त्याला लिहायची गरज नाही. चूक मात्र आत बसते आणि बोलत नाही. तिला आपण बोलतं केलं नाही, तर ती पुढच्याचा हात कापते. तुझा गोंद वाईट नव्हता. तुझा जीवही बाजावरच होता, ते मला पहिल्या सुरातच कळलं. पण तू असं बंद केलंस की पुढे कोणाचा हातच लागू नये. बंद राहून काही टिकत नाही रे. हा बाजा शंभर वर्षं टिकला तो उघडणारा हात मिळत गेला म्हणून. सरस दर पावसाळ्यात सुटतो, म्हणून दर पावसाळ्यात कोणालातरी इथे येऊन बसावं लागतं, बघावं लागतं, शिकावं लागतं. माझ्या गुरूंच्या हाती तुझा गोंद असता, तर त्यांना माझी गरज पडली नसती. आणि मला तुझी."

दम घेऊन ते पुढे म्हणाले, "आणि आजच का कापलं, तर खिळा कुठे आहे हे आज मला माहीत आहे. वीस वर्षांनी ते कोणी सांगितलं असतं? फळीवर लिहिलं होतं खरं, पण फळीच तू बंद केली होतीस."

भास्करने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतले पाणी फळीवर पडू नये म्हणून तो जरा मागे सरकला. म्हणाला, "चुकलो, बाबा."

"मला काय सांगतोस?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ती बोटभर पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली. "त्याला सांग. जो येईल त्याला."

भास्करने पेन्सिल घेतली. चार वर्षे जिच्यावर पहिले फूल पडताना पाहिले होते ती ही. लिहायला त्याला बराच वेळ लागला. दोनदा पुसले. बाबांनी डोकावून पाहिले नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते दोघांनाच ठाऊक. वाळलेला गोंद पटाशीने कणाकणाने खरवडायचा होता. कापलेल्या कडांना सागाच्या पातळ पट्ट्या जोडायच्या होत्या, खिळा डावीकडून काढायचा होता, सहा झडपांची कातडी बदलायची होती. भास्करने दुकानाला कुलूपच लावले. सरसाचे भांडे सकाळपासून आचेवर असे, आणि आता त्या वासाला तो नाक धरत नव्हता. शेटजी रोज लांबून बघून जात. अष्टमीला दुपारी फळी पुन्हा बसली. खंडेनवमीला हत्यारांना हात लावायचा नसतो. ती पाटावर फुले घेऊन बसली आणि इकडे सरस आपला आपण वाळत राहिला. पेन्सिल मधोमध ठेवली ती भास्करने.

दसऱ्याच्या सकाळी बागेचे फाटक उघडले. मुलांची झुंबड उडाली. चोवीस घोडे भरले. शेटजी हाताची घडी घालून उभे होते. भास्करने हात जोडले आणि वही लावली.

बाजा वाजला. गोंदाच्या वेळचा तो दणदणीतपणा नव्हता. एका कोपऱ्यात, कान देऊन ऐकणाऱ्यालाच कळावी अशी, बारीकशी फुसफुस होती. पण सूर स्वच्छ होते, एकही रडला नाही. घोडे फिरू लागले. कुंपणाला टेकलेल्या माणसांनी डोळे मिटले. शेटजींनी दोन वह्या संपेपर्यंत ऐकले, मग खिशातून फोन काढला आणि कोणाला तरी सांगितले, "नाही, टेम्पो नको. नाही देत आम्ही." जाता जाता भास्करला म्हणाले, "ती फुसफुस बघा तेवढी."

"बघतो," भास्कर म्हणाला. "दर वर्षी बघावी लागेल."

मिस्त्रीबाबा स्टुलावर बसून ऐकत होते. वही बदलायला बाजा थांबला तेव्हा त्यांनी भास्करला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, "उघडता येईल ना?"

"येईल," भास्कर म्हणाला. "कोणालाही."

"आत काय लिहिलंस?"

भास्कर घुटमळला, मग म्हणाला, "लिहिलंय, 'ही फळी मी भीतीपोटी कायमची बंद केली होती. ती कापावी लागली. चारही कडांचे जोड माझ्या चुकीचे आहेत. उघडणाऱ्याने गरम पाण्याचे फडके दहा मिनिटे धरावे, सुटेल.'"

बाबांनी मान हलवली. काठी टेकून उठले, चावी अजून भास्करकडेच आहे ना याची खात्री केली, आणि फाटकाकडे चालू लागले. चार पावलांवर थांबून मागे न बघता म्हणाले, "दहा नको. पंधरा मिनिटं धरावं लागतं. पुढच्या खेपेला दुरुस्त कर."

पुढच्या पावसाळ्याला बाबा नव्हते. भास्करने फडके भिजवले, पंधरा मिनिटे धरले आणि फळी अलगद हातात आली. त्याने पेन्सिल काढली, 'दहा'वर काट मारली आणि वर 'पंधरा' लिहिले. मग बाजूला रिकाम्या जागेत आणखी एक ओळ लिहिली, "हे मिस्त्रीबाबांनी सांगितले." त्या फळीवरच्या वाचता येणाऱ्या ओळींत एवढीच एक चुकीची कबुली नाही.

आपणही घरात, कामात, माणसांत काही ना काही सांधत असतोच. सांधताना एवढे बघावे की, उद्या जो येईल त्याला ते न फोडता उघडता येईल.